शरदातली स्मरणचित्रं

वहीचं पहिलं पान कोरं आहे. वरच्या कोपऱ्यात 'लंडन, ११ ऑक्टोबर २०२४' एवढंच लिहिलंय. ते पान मी फाडलं नाही. पुढचं सगळं त्या कोऱ्या पानामुळेच सुरू झालं.

मी मूळची सांगलीची. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा दिल्या. स्थिरचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन सगळंच करावं लागायचं, पण आमच्या सरांचा जीव स्मरणचित्रात. "समोर ठेवून कुणीही काढेल. डोळे मिटल्यावर काय उरतं ते काढ," म्हणायचे. शाळेतून घरी जाताना रोज एक गोष्ट ठरवून बघायची आणि रात्री जेवण झाल्यावर वहीत उतरवायची, हा त्यांचा नेम. पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून पंक्चर शोधणारा माणूस, हळदीच्या बाजारात पाठीवर पोतं घेतलेला हमाल, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी बाई. नंतर अभियांत्रिकी, नोकरी, फ्रँकफर्ट. वही सुटली ती सुटलीच.

जर्मनीत आल्यावर पहिली काही वर्षं मला शरद ऋतू सोसवायचा नाही. आपल्याकडे पानगळ माघ-फाल्गुनातली, तिच्या पाठोपाठ लगेच पालवी येते. आश्विनात आपल्याकडे रान हिरवं असतं, झेंडू फुललेला असतो, शाळूची पेरणी चाललेली असते. इथं नेमकं आश्विनातच झाडं पिवळी पडायला लागतात, ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळ तासभर मागे जातं आणि दिवाळीच्या सुमारास संध्याकाळी पाच-सव्वापाचलाच अंधार. घरी दिवे लागलेले असताना मी ऑफिसच्या खिडकीतून तो अंधार बघत बसायचे.

ऑफिसातली एक मैत्रीण दर शरदात आर्ट फेअर, म्हणजे अनेक गॅलऱ्या एकत्र येऊन कलाकृती विकायला मांडतात ते मेळे, बघत फिरते. काही विकत घेत नाही, फक्त बघते. तिनंच मला हे वेळापत्रक समजावून सांगितलं. जूनमध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलचा मोठा मेळा झाला की उन्हाळाभर गॅलऱ्यांची दुनिया शांत असते. सप्टेंबरमध्ये बर्लिन आणि व्हिएन्नापासून पुन्हा सुरुवात होते, ऑक्टोबरात लंडन आणि पॅरिस एकामागोमाग येतात, नोव्हेंबरात तुरिन आणि कलोन. यातलं कलोन माझ्या घरापासून ट्रेननं जेमतेम तासाभराचं, आणि आधुनिक कलेच्या मेळ्यांची परंपरा तिथूनच निघालेली. १९६७ साली गुर्झनिख नावाच्या जुन्या सभागृहात १८ गॅलऱ्यांनी एकत्र येऊन पहिला बाजार भरवला होता. पण रजा मोजक्या होत्या, त्यामुळे लंडन, पॅरिस आणि तुरिन एवढंच ठरवलं.

लंडनसाठी वेगळा व्हिसा लागतो हे कुणी जाणार असेल तर आधीच ध्यानात ठेवा. जर्मनीचा रहिवासी परवाना असला तरी आपल्या पासपोर्टवर ब्रिटनला तसं जाता येत नाही. ११५ पौंड फी भरली, बोटांचे ठसे दिले, पासपोर्ट जमा केला. तो परत हातात पडेपर्यंत जिवात जीव नव्हता. ऑगस्टमध्येच अर्ज करायला हवा होता, मी सप्टेंबर उजाडू दिला.

फ्रीझ लंडन हा मेळा रीजंट्स पार्कमध्ये भरतो, २००३ पासून. बागेतच प्रचंड तंबू उभारतात आणि आत पांढऱ्या भिंतींच्या गल्ल्या. दीडशेहून जास्त गॅलऱ्या. मी शुक्रवारी सकाळी दार उघडायच्या आधीच रांगेत होते. तिकीट स्वस्त नाही, त्यामुळे एकही गॅलरी सोडायची नाही असं मनाशी पक्कं केलं होतं. हातात नकाशा, प्रत्येक बूथसमोर दोन मिनिटं, फोटो, पुढे. दुपारी अडीचपर्यंत निम्मं झालं. पाय दुखत होते, रंग एकमेकांत मिसळायला लागले होते, तरी मी चालत राहिले. संध्याकाळी ताईच्या घरी पोचले तेव्हा फोनमध्ये ३१२ फोटो होते.

ताई म्हणजे माझी मामेबहीण, लंडनच्या हॅरो भागात राहते. जेवताना तिनं सहज विचारलं, "काय पाहिलंस गं? एखादं सांग तरी."

मला सांगता येईना. खोलीत जाऊन वही उघडली, तारीख लिहिली, पेन्सिल टेकवली. काहीच आलं नाही. भिंती, माणसांच्या पाठी, पांढरे दिवे आठवत होते. एवढा दिवस फिरून एक आकारसुद्धा हाताला येत नव्हता. मला खरोखर रडू आलं. आणि मग सरांचा नेम आठवला: रोज *एक* गोष्ट, ठरवून.

दुसऱ्या दिवशी दसरा होता. सकाळी ताईनं पाटीवर सरस्वती काढून पूजा केली, आपट्याऐवजी दारातल्या झाडाची पिवळी पानं ठेवली. मी माझी वही आणि पेन्सिल त्या पूजेत ठेवली.

त्या दिवशी तंबूत जायच्या आधी मी बागेत थांबले. फ्रीझची शिल्पं बागेच्या इंग्लिश गार्डन्स भागात मांडलेली असतात, सप्टेंबरच्या मध्यापासून पुढचे काही आठवडे, आणि ती बघायला तिकीट लागत नाही. तिथं योशितोमो नारा या जपानी कलाकाराचं ब्राँझमध्ये ओतलेलं मोठं डोकं होतं. त्याच्यासमोर मी अर्धा तास घालवला. लांबून ते लहान मुलाचं कंटाळलेलं तोंड दिसतं. जवळ गेल्यावर मातीवर दाबलेली बोटं दिसतात. कुंभार मडक्याच्या बुडाला अंगठा देतो तशा खळग्याच खळग्या, सगळ्या धातूत उतरलेल्या. रात्री पाऊस झाला होता, काही खळग्यांत पाणी साठलं होतं. एका खळगीत मेपलचं पान चिकटलं होतं, देठाकडे अजून हिरवं, कडेला विटकरी. शाळेत कॅमलच्या रंगपेटीत विटकरी आणि गेरूच्या बाटल्या नेहमी भरलेल्याच राहायच्या, कारण आम्हाला त्या रंगांचं झाड कधी दिसलंच नव्हतं. त्या सकाळी बागेत तेच दोन रंग जमिनीपासून शेंड्यापर्यंत होते.

मग तंबूत. त्या वर्षी त्यांनी तरुण गॅलऱ्यांना दाराजवळची जागा दिली होती, मोठ्या नावांना आत. मी फक्त तो भाग आणि मातीकाम करणाऱ्या कलाकारांचा एक वेगळा विभाग, एवढंच पाहिलं. एका बूथमध्ये धुरानं काळवंडलेली मडकी होती. पोटाकडे चकाकी, गळ्याकडे राखेचा रंग. मी वाकून बघत होते तेव्हा तिथली मुलगी जवळ आली. आदल्या दिवशी अशा वेळी मी काढता पाय घेतला असता. घेणार नाही तर विचारायचं कशाला, ही आपली मध्यमवर्गीय भीड. त्या दिवशी मी सरळ सांगितलं, "मी विकत घेणार नाही, पण हा काळा रंग कसा येतो ते कळेल का?" तिनं वीस मिनिटं दिली. भट्टी, भुसा, हवा कोंडून भाजणं, सगळं. किंमतही विचारली, तिनं सांगितली. आमच्या इकडे काळी मडकी अशीच भाजतात म्हटल्यावर तिनं मलाच चार प्रश्न विचारले.

हे मी मुद्दाम लिहिते आहे. आर्ट फेअरमध्ये पहिले एक-दोन दिवस निमंत्रितांचे असतात, मोठी खरेदी तेव्हाच उरकते. नंतरच्या दिवसांत बूथवरची माणसं थकलेली असली तरी जरा निवांत असतात. खरी उत्सुकता असलेलं कुणी आलं तर त्यांना आनंदच होतो. त्यांना बोलू द्या. पाटीवर कलाकाराचं नाव, साल, माध्यम एवढंच असतं, बाकी सगळं त्या माणसाच्या तोंडी असतं. आणि तिथली सगळीच चित्रं श्रीमंतांच्या घरात जातात असंही नाही. फ्रीझमधून टेट संग्रहालयासाठी दरवर्षी काही कामं घेतली जातात, पहिल्या वर्षापासून. ती पुढे सगळ्यांना बघायला मिळतात.

त्या रात्री वहीत दोन पानं भरली.

रविवारी ताईला घेऊन बार्बिकन या लंडनच्या कलाकेंद्रात गेले. १९७५ ते १९९८ या काळातल्या भारतीय कलेचं मोठं प्रदर्शन नुकतंच उघडलं होतं. ताई ठाण्यात वाढलेली. सुधीर पटवर्धनांच्या चित्रांतली कामकरी माणसं बघून ती थबकली. पटवर्धन ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करत करत चित्रं काढत होते हे तिला ठाऊक होतं, पण चित्र समोरून कधी पाहिलं नव्हतं. "अगं, हे खांदे बघ," एवढंच म्हणाली. पुढे सवी सावरकरांच्या एचिंगमध्ये, म्हणजे धातूच्या पत्र्यावर रेषा कोरून कागदावर छापलेल्या चित्रात, गळ्यात मडकं अडकवलेला माणूस होता. तिथं आम्ही दोघीही काही बोललो नाही. नागपूरच्या चित्रकारानं कोरलेली ती रेषा लंडनच्या भिंतीवरही तितकीच अंगावर येते. आदल्या दिवशी मी मडक्याचा काळा रंग कसा येतो ते विचारत होते. त्या रात्री वहीत मी ते गळ्यातलं मडकं काढायचा प्रयत्न केला, पण दोरीच्या पुढे हात गेला नाही.

फ्रँकफर्टला परत, चार दिवस ऑफिस, कोजागरीला मसाला दूध, आणि पुन्हा शुक्रवारी संध्याकाळची पॅरिसची ट्रेन.

पॅरिसचा ऑक्टोबरातला मेळा जुना, १९७४ पासूनचा. २०२२ पासून ते दिवस बाझलवाल्यांनी घेतले, आणि २०२४ साली डागडुजी झालेल्या ग्रँ पालेमध्ये मेळा परत आला. ही इमारत १९०० सालच्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेली. लोखंडाचा सांगाडा आणि वर काचेचं छप्पर, घुमटाखाली उंची ४५ मीटर. त्याच उन्हाळ्यात ऑलिंपिकची तलवारबाजी इथंच झाली होती.

शनिवारी दुपारी मी आत गेले, मान वर केली आणि जवळजवळ पाच मिनिटं तशीच उभी राहिले. आभाळ थेट आत येत होतं. लंडनच्या तंबूत दिवसभर एकच पांढरा उजेड होता. इथं ढग सरकला की आख्खं सभागृह राखाडी व्हायचं, ऊन आलं की लोखंडाच्या कमानींच्या सावल्या बूथच्या भिंतींवरून चालत जायच्या. मी एकच चित्र निवडलं. करड्या रंगाचं, वहीएवढं लहान, आडव्या पट्ट्यांचं. त्याच्याकडे मी तीन वेळा गेले. तीन वाजता त्यातल्या पट्ट्या वेगळ्या दिसतच नव्हत्या, नुसता राखाडी चौकोन. साडेचारला ऊन तिरपं आलं आणि वरून तिसऱ्या पट्टीखाली पातळ गुलाबी थर असल्याचं दिसलं, पहाटेच्या ढगाच्या पोटाखाली असतो तसा. सहा-सव्वासहाला उजेड मावळायला लागला तेव्हा तो गुलाबी जवळजवळ जांभळा झाला आणि बाकीचं चित्र मागे सरकलं. बूथवरच्या वयस्क गृहस्थांनी मला तिसऱ्यांदा आलेलं ओळखलं. त्यांनी कोपऱ्यातली घडीची खुर्ची आणून दिली. मी बसून बघितलं.

उन्हाळ्यातल्या कडक प्रकाशात हे दिसलं नसतं असं मला मनापासून वाटतं. शरदातलं ऊन तिरकं, कमी वेळ टिकणारं आणि सतत बदलणारं. ते चित्रावरून असं फिरत होतं की जणू मला बोट धरून दाखवत होतं.

पॅरिसमध्ये मेळा इमारतीच्या बाहेरही सांडलेला असतो, आणि रस्त्यावरच्या कामांना तिकीट लागत नाही. प्लास व्हांदोम या चौकात कार्स्टन हॉलर यांची राक्षसी अळंबी उभी होती, तीन जातींच्या अळंब्या कापून एकत्र जोडल्यासारखी. आपल्याकडे अळंब्या श्रावणातल्या, पावसाबरोबर येतात. युरोपात रानात अळंब्या शोधायचे दिवस हे, पानं गळतात त्या ओलसर आठवड्यांतले. दागिन्यांच्या महागड्या दुकानांच्या मधोमध ती लाल टोपी बघून लहान मुलं धावत सुटत होती.

रविवारी बूर्स द कॉमर्स या कलासंग्रहालयात गेले. पूर्वी इथं धान्याचा बाजार भरायचा. हळदीच्या पेठेजवळ वाढलेल्या मला त्या गोल इमारतीत शिरताना उगाच ओळखीचं वाटलं. तिथं 'आर्ते पोव्हेरा'चं मोठं प्रदर्शन चालू होतं. १९६७ मध्ये इटलीतल्या काही तरुण कलाकारांच्या कामाला जेर्मानो चेलांत या समीक्षकानं हे नाव दिलं: गरीब कला. चिंध्या, दगड, कोळसा, लाकूड, लोखंड, जे हाताशी असेल त्यातून काम. दाराबाहेर ज्युझेप्पे पेनोने यांचं झाड होतं. लांबून निष्पर्ण खरं झाड, जवळ गेल्यावर ब्राँझचं, आणि फांद्यांच्या बेचक्यांत नदीतले मोठे गोटे धरलेले. पॅरिसमधली खरी झाडं पानं सोडत होती आणि हे झाड दगड धरून होतं. ते मी रात्री ट्रेनमध्येच काढलं.

घरी आल्यावर धीर करून वहीच्या सात पानांचे फोटो सरांना पाठवले. सर आता निवृत्त आहेत, दृष्टी थोडी अधू झालीय. दुसऱ्या दिवशी त्यांचा आवाजी संदेश आला: "बाळ, हात अजून आहे तुझा. झाड चांगलं. पण स्मरणचित्रात माणसं लागतात, विसरलीस का? एवढ्या बाजारात माणसं नव्हती?"

तो संदेश ऐकत ऐकत मी तुरिनला गेले. स्वित्झर्लंडमधून आल्प्स ओलांडून मिलान, तिथून तासाभरावर तुरिन. आर्ते पोव्हेराचं हे माहेर. पेनोने, मेर्त्स, पिस्तोलेत्तो, सगळे याच शहराच्या आसऱ्यानं वाढले. पोचले तेव्हा पो नदीवर धुकं होतं आणि कमानींच्या रस्त्याच्या कडेला भोकाच्या तव्यावर चेस्टनट भाजत होते. कागदाच्या पुडीत गरम चेस्टनट घेतले. साल फुटलेलं, आत पिठूळ, गोडसर, उकडलेल्या शिंगाड्याच्या जवळ जाणारी चव.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन. इटलीत त्या दिवशी सर्व संतांच्या सणाची सुट्टी असते. संध्याकाळी खोलीत पणती लावली, घरी व्हिडिओ कॉल केला आणि बाहेर पडले. तुरिनमध्ये १९९८ पासून ऑक्टोबरच्या शेवटापासून जानेवारीपर्यंत रस्त्यांवर, चौकांत कलाकारांनी केलेल्या दिव्यांच्या रचना लावतात. मोले आंतोनेल्लियाना या उंच इमारतीच्या घुमटावर मारिओ मेर्त्स यांचे लाल आकडे चढत जातात: १, १, २, ३, ५, ८, १३, २१… प्रत्येक आकडा आधीच्या दोन आकड्यांची बेरीज. पश्चिमेत याला फिबोनाची या इटालियन गणितज्ञाची माळ म्हणतात, पण आपल्याकडे छंदशास्त्राच्या पंडितांनी ती त्याच्या आधी मांडली होती. लघू एक मात्रेचा, गुरू दोन मात्रांचा, तर चार मात्रांची ओळ किती तऱ्हांनी बांधता येईल? पाच. पाच मात्रांची? आठ. बाराव्या शतकात हेमचंद्रानं हे सांगितलंय. दिवाळीच्या रात्री, धुक्यात, परक्या शहरात ते आकडे लाल उजेडात वर वर जाताना बघून माझे डोळे भरून आले. मग मान खाली केली आणि सरांचं ऐकलं. आजूबाजूला माणसं होती: खांद्यावर मुलगी घेतलेला बाप, बोटांवर बेरीज करणारी दोन शाळकरी मुलं, मफलर नाकापर्यंत ओढलेल्या आजीबाई. ती सगळी माणसं काढली.

आर्तिस्सिमा हा तुरिनचा मेळा १९९४ पासूनचा, तिघांतला मला सगळ्यात आवडलेला. तो भरतो ओव्हल नावाच्या प्रचंड मोकळ्या सभागृहात, २००६ च्या हिवाळी ऑलिंपिकच्या बर्फावरच्या शर्यतींसाठी बांधलेल्या. शेजारीच फियाटचा जुना लिंगोत्तो कारखाना, ज्याच्या गच्चीवर गाड्या पळवून बघायचा रस्ता आहे. इथं लंडन-पॅरिसपेक्षा गर्दी कमी, गॅलऱ्या लहान, आणि फक्त रेखाचित्रांचा एक वेगळा विभाग आहे. मी शनिवार-रविवार तिथंच होते. एका बूथवरच्या तरुण मुलीनं माझी वही बघायला मागितली. बघून झाल्यावर तिनं मागच्या अरुंद कोठीतून एक सपाट खोका आणला आणि भिंतीवर न लावलेली चित्रं टेबलावर एकेक करून उलगडली, मध्ये पातळ कागद, हातात पांढरे मोजे. पेन्सिलीनं काढलेले नुसते हात. कुणाचे शिवणारे, कुणाचे कणीक मळणारे.

रविवारी भाऊबीज. भावाला दुपारी फोनवरूनच ओवाळलं. संध्याकाळी मेळा संपायची घोषणा झाली तेव्हा मी पुन्हा त्याच बूथवर होते. माणसं दाराकडे निघाली आणि सगळ्या सभागृहात चिकटपट्टी ओढल्याचा चर्र आवाज सुरू झाला. लाकडी पेट्या चाकांवरून आत आल्या. ती मुलगी चार दिवस उंच टाचांच्या बुटांत उभी होती. आता तिनं बूट काढून बाजूला ठेवले होते, मोज्यांवर गुडघे टेकून फरशीवर बसली होती, चिकटपट्टीचा तुकडा दातांत धरलेला, आणि दोन्ही हातांनी एक चित्र कागदात गुंडाळत होती, बाळाला दुपट्यात गुंडाळावं तसं कोपरे आत घेत.

मी निरोप घेतला, बाहेर आले, स्टेशनच्या बाकावर बसले आणि डोळे मिटले. आधी टाचा काढल्या, मग पाठीचा बाक, मग दातांतली पट्टी. खाली नाव लिहिलं, तारीख लिहिली आणि सरांना पाठवून दिलं.